नणंद लॉन बोल्स शिकली तो हिवाळा

मुलुंडला थंडी पडते यावर बाकीच्या मुंबईचा विश्वास बसत नाही. अंधेरीला राहणारी माझी मावसबहीण म्हणते, "तुमची थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर." पण आम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर घराबाहेर पडलं की नाकाचा शेंडा गार पडतो आणि रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून बसलेले असतात. वारा कांजूरच्या कचराडेपोच्या बाजूने आला तर धुक्यात कचऱ्याचा वास मिसळतो. तो नसेल त्या दिवशी मात्र डोंगरावरचं एकेक झाड सुटं दिसतं.

अशाच एका हिवाळ्यात मी लॉन बोल्स खेळायला लागले. तोवर या खेळाचं नावही मी ऐकलेलं नव्हतं. विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडली होती, शुगर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मला नुसतं चालायचा भारी कंटाळा. शेजारच्या बिल्डिंगमधली माझी मैत्रीण सोबतीला यायची. ती एक दिवस म्हणाली, "चल गं, तुला एक गंमत दाखवते," आणि मला एका क्रीडा संकुलाच्या मागच्या अंगाला घेऊन गेली. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीपलीकडे एक चौकोनी हिरवळ होती, कॅरमबोर्डासारखी सपाट, चारी बाजूंनी उथळ चर खणलेला. तिच्यावर साठीच्या आसपासची काही माणसं पांढऱ्या टोप्या घालून, वाकून चेंडू सोडत होती. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

जमायला दोन हिवाळे लागले. खेळ सांगायला सोपा आहे. आधी एक लहान पांढरा चेंडू समोर दूरवर सोडायचा, त्याला जॅक म्हणतात. मग आपले मोठे चेंडू घरंगळत सोडायचे आणि जॅकच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. या मोठ्या चेंडूंना बोल म्हणतात. गोम अशी की बोल पुरता गोल नसतो. एका अंगाने तो किंचित उतरता असतो, त्यामुळे वेग कमी होत आला की तो त्या बाजूला वळतो. नेम सरळ जॅकवर धरलात तर तो चुकणारच. आमचे सर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक, क्लबचं सगळं तेच बघतात. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "जॅककडे बघू नका. बोल जिथून वळणार ती जागा बघा आणि तिथे सोडा. पुढचं त्याचं तो करतो."

पावसाळ्यात हिरवळ बंद असते. दिवाळीनंतर गवत कापून, रोलर फिरवून खेळ सुरू होतो तो होळीपर्यंत. त्यामुळे आमचा क्लब म्हणजे हिवाळ्याचाच क्लब. रविवारी सकाळी खेळायचं, मग कुणाच्या डब्यातले पोहे, कुणाच्या पिशवीतली बोरं, आणि संक्रांतीच्या सुमाराला दुसऱ्या उपनगरातल्या क्लबला बोलावून मैत्रीचे सामने. मला ते दिवस फार आवडू लागले होते. तिसरा हिवाळा तोंडावर आला होता, आणि त्याच्या आधी, पावसाळ्यातच, नणंद आमच्याकडे राहायला आली.

ती माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. अकोल्याकडच्या खेड्यातून नर्सिंग शिकायला मुंबईत आली, आई गेल्यावर धाकट्या भावाला इकडे आणलं, त्याचं शिक्षण केलं, आणि एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर इन्चार्ज होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही. गोवंडीला तिचं स्वतःचं छोटं घर होतं. आपल्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर दारावर टकटक केल्याशिवाय आत येत नसत, असं ती अभिमानाने सांगायची. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खाल्ली. ऑपरेशनं झाली, थेंब झाले, शेवटी एका डोळ्याला काहीच नाही आणि दुसऱ्याला नुसता उजेड-अंधार, एवढंच उरलं. गोवंडीच्या जिन्यात पडून तिचं डावं मनगट मोडलं तेव्हा नवरा गेला आणि तिला घेऊनच आला.

आम्हा दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. जवळीकही नव्हती. ती चौदा एप्रिलला, दिवाळीला यायची, माझ्या वरणात मीठ कमी आहे म्हणायची, आणि मी "हो ताई" म्हणायचे. आता ती कायमची घरात होती. आल्या आल्या तिने माझं स्वयंपाकघर हातांनी चाचपून आपल्या सोयीचं लावून घेतलं. हळदीचा डबा तिला न बघता सापडायचा, मला बघूनही सापडायचा नाही. घराबाहेर पडायला मात्र ती तयार नव्हती. नवऱ्याने पांढरी काठी आणून दिली, ती कपाटामागे उभी राहिली.

"काठी घेऊन मुलुंडभर फिरू?" ती म्हणाली. "लोक हाताला धरून रस्ता ओलांडून देतील. मला नकोय कुणाचा हात."

सहा डिसेंबरला आम्ही दादरला जातो. नणंद तर इतकी वर्षं तिथल्या वैद्यकीय मदतीच्या तंबूत ड्युटीला असायची. चक्कर आलेल्या म्हाताऱ्यांना साखरपाणी, पायांच्या फोडांना मलमपट्टी, दिवसभर उभी. त्या वर्षी ती पहिल्यांदाच गेली नाही. आम्ही दोघं जाऊन आलो तेव्हा ती होती तशीच खिडकीत बसलेली होती. समोर चहाचा कप, भरलेला, गार झालेला.

"गर्दी होती?" तिने विचारलं.

"होती ताई."

एवढंच. नवरा कपडे बदलायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी दाराशी बूट घालत होते तेव्हा तिने विचारलं, "काय करता गं तुम्ही तिथे एवढा वेळ?"

शब्दांत सांगण्यापेक्षा मी पिशवीतून एक बोल काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही तळव्यांत घेऊन फिरवला.

"चांगलाच जड आहे. आणि बाजूला काय कोरलंय हे?"

"वर्तुळं. एका बाजूला मोठं, एका बाजूला लहान. लहान वर्तुळ ज्या बाजूला, तिकडे तो वळतो. सरळ जातच नाही."

"म्हणजे नॉर्मल डिलिव्हरी नाही," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

मी खो खो हसले. तिच्या बोलण्यावर मी मोकळेपणी हसले असं तोवर फारसं झालं नव्हतं. तिलाही ते जाणवलं असावं. बोल परत देताना म्हणाली, "मी येते. नुसती बसेन. इथे टीव्ही ऐकून डोकं उठलंय."

त्या दिवशी दव चांगलंच पडलं होतं. मी सरांशी तिची ओळख करून दिली, तिला बाकावर बसवलं, शाल दिली आणि खेळायला गेले. थंडीत सकाळचा पहिला खेळ अवघड असतो. गवत ओलं असतं, बोल जड चालतो आणि अर्ध्या वाटेतच दम टाकतो, म्हणून रोजच्यापेक्षा जास्त जोर द्यावा लागतो. बोटंही आखडलेली असतात. सर म्हणतात, आधी तळवे चोळा, बोल फडक्याने पुसून घ्या, आणि तो पकडू नका, हातात ठेवा, तापातल्या पोराचं डोकं धरतो तसा. मी सगळं केलं, पण जोर जरा जास्तच झाला. बोल जॅकला ओलांडून थेट चरात गेला. डुब्ब असा आवाज झाला.

"हा कुणाचा गं?" बाकावरून नणंदेचा खणखणीत आवाज आला.

"माझा."

"गेला ना खड्ड्यात! ऑफिसातपण असाच जोर लावायचीस?"

बाकावरचे सगळे हसले. सर चालत तिच्याजवळ गेले. "सिस्टर, तुम्ही एक टाकून बघता?"

"मला दिसत नाही."

"ते मला समजलं. वाकता येतं का?"

तिने शाल काढून बाकावर ठेवली.

मी तिला मॅटवर उभं केलं. मॅट म्हणजे हिरवळीवर अंथरलेला रबराचा छोटा तुकडा, त्याच्यावर पाय ठेवूनच बोल सोडायचा असतो. मी तिच्या हातात बोल दिला, म्हटलं, "सरळ समोर जॅक आहे, तुम्ही थोडं उजवीकडे टाका." तिने बोल हातात फिरवून पाहिला, आणि त्या फिरवण्यात लहान वर्तुळ उलट्या बाजूला गेलं. माझ्या ते लक्षात आलं नाही. बोल उजवीकडे गेला आणि आत वळायच्या ऐवजी आणखी उजवीकडे वळत वळत शेजारच्या पट्टीत घुसला. तिथे चार जणांचा डाव ऐन रंगात आला होता. बोल त्यांच्या जॅकवर आदळला.

"अरे, अरे, अरे!"

नणंद ताठ झाली. "कुणाला लागलं?"

"कुणाला नाही ताई. त्यांचा डाव विस्कटला."

ती मॅटवरून खाली उतरली. "घरी चल," म्हणाली.

रिक्षात बसल्यावर तिने तोंड उघडलं. "तू नीट सांगतच नाहीस."

एरवी मी "हो ताई" म्हटलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, म्हटलं, "मी सांगितलं ना, थोडं उजवीकडे म्हणून."

"थोडं म्हणजे किती? डॉक्टर कधी लिहितो का, पेशंटला थोडं इंजेक्शन द्या? थोडं, जरा, तिकडे, इथे! 'तिकडे' म्हणजे कुठे गं माझ्यासाठी?"

"मग कसं सांगायचं ते तुम्ही सांगा. पण खेकसू नका. मी काही तुमची स्टुडंट नर्स नाही."

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, वाट लागली, आता ही घरी गेल्यावर भावासमोर पाढा वाचणार. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती एकदम म्हणाली, "घड्याळ सांग."

मी मनगटाकडे बघितलं. "साडेआठ होत आले."

"वेळ नाही गं! बोल कुठे पडला ते घड्याळाने सांग. जॅक मधोमध धर. माझ्याकडची बाजू सहा, पलीकडची बारा. उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. तीन वाजता, एक वीत. सात वाजता, दोन पावलं. जखम नेमकी कुठे आहे हे आम्ही असंच सांगायचो, म्हणजे न बघणाऱ्यालाही कळतं."

पुढच्या वेळी मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, न दिसणारे लोक हा खेळ खेळतात आणि तेही असंच घड्याळ वापरतात. नणंदेचा चेहरा जरासा उतरला. "म्हणजे शोध मी लावला नाही तर," ती म्हणाली. पण त्याच दिवशी पायातल्या चपला काढून ती मॅटवर उभी राहिली.

दिशा कशी राखायची हा प्रश्न होता. मी जॅकपाशी उभी राहून बोलायचे आणि तिचा हात आपोआप माझ्या आवाजाकडे वळायचा. म्हणजे नेम जॅकवर, आणि बोल भलतीकडे. घरी आमच्या हॉलमध्ये ती रिकाम्या हाताने वाकायचा सराव करायची. एका दुपारी पायाच्या अंगठ्याने फरशी चाचपत म्हणाली, "ही दोन लाद्यांमधली फट आहे ना, हिच्यावर पाऊल ठेवलं की मला सरळ कुठे ते कळतं. गवतात फट कुठून आणायची?"

फट आणता आली नाही, पण सुतळी आणता आली. सरांच्या परवानगीने आम्ही मॅटच्या खालून, जॅकच्या रेषेत, एक ताठ सुतळी घातली. रबरातून तिचा उंचवटा तळव्याला लागायचा. सुतळीवर टाच, आणि पुढचा पंजा तिच्यापासून पंजाच्याच रुंदीएवढा उजवीकडे, की बोल बरोबर त्या वळणाच्या जागेकडे निघायचा. दिशा सुतळीने द्यायची आणि अंतर माझ्या आवाजाने. हे एकदा ठरलं आणि तिचे बोल जॅकच्या आसपास यायला लागले.

ती शिकत होती तशी मीही शिकत होते. ती एकदा वाकली की आपण गप्प बसायचं, हे मला फार कठीण गेलं. बोल सुटल्यावर हात लगेच मागे खेचायचा नाही, समोरच्याच्या हातात भरलेली वाटी द्यावी तसा पुढेच राहू द्यायचा, हे सर मला दोन वर्षं सांगत होते. ती ते आठवड्यात शिकली, कारण बोल कुठे चाललाय हे बघायची तिला घाईच नव्हती. मी मात्र बोल सुटायच्या आत मान वर करायचे. आणि अनवाणी उभी राहत असल्यामुळे तिला दव समजायचं. नऊच्या सुमाराला ऊन भिंतीवरून खाली उतरतं, गवत वाळतं, आणि ज्या जोराने सकाळी बोल जॅकपाशी थांबतो त्याच जोराने तो आता चरात जातो. आम्ही डोळस लोक एकदोन बोल घालवल्याशिवाय हे ओळखत नाही. ती पाय घासून म्हणायची, "कोरडं व्हायला लागलं गं. कमी करते." दर वेळी बरोबर असायची असं नाही. कधी कधी इतका कमी करायची की बोल अर्ध्यातच बसायचा. मग "सहा वाजता, सहा पावलं" असं मी सांगितलं की म्हणायची, "म्हणजे अजून ताप आहे. डोस वाढवते."

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी बोरिवलीकडच्या एका क्लबची मंडळी आली. सामने जोड्यांचे होते. सरांनी शेवटच्या जोडीत आम्हा दोघींची नावं टाकली.

"मला नको," नणंद म्हणाली. "लोकांना तमाशा."

"सिस्टर, दोघे जण सर्दी-तापाने घरी आहेत. तुम्ही नाही खेळलात तर पाहुण्यांची एक जोडी बसून राहील," सर म्हणाले. ती तयार झाली. रिकामी खाट ठेवायची नाही हे तिच्या अंगात मुरलेलं.

आमच्यासमोर एक उंच, निळा ब्लेझर घातलेले काका आणि त्यांच्या जोडीला चाळिशीच्या आसपासची एक बाई होती. काकांनी सुतळीबद्दल विचारलं, सरांनी समजावलं, ते म्हणाले, "काही हरकत नाही." जोड्यांच्या खेळात एक जण मॅटवरून टाकतो आणि त्याचा जोडीदार जॅकपाशी उभा राहून त्याला सांगतो, सगळ्यांचंच तसं असतं. त्यामुळे माझ्या बोलण्याला कुणाची ना नव्हती.

अडचण वेगळीच आली. एक न दिसणारी बाई खेळतेय म्हटल्यावर बाकीचे सामने संपलेले लोक आमच्या कडेला गोळा झाले. तिचा पहिला बोल फारच आखूड पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा चरात गेला. आणखी जोरात टाळ्या. "वा सिस्टर, वा! कमाल आहे!" मी जॅकपाशी उभी राहून "बारा वाजता, चरात!" असं ओरडत होते, पण ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. ती मान तिरपी करून उभी. तिसरा बोल डावीकडे भरकटला. पुन्हा टाळ्या. कुणीतरी शिट्टीही वाजवली.

नणंद सरळ उभी राहिली आणि वळली. लोक उजवीकडे होते, ती वळली ती थोडी जास्तच वळली, तलावाच्या भिंतीकडे. तिकडेच तोंड करून ती बोलली.

"टाळ्या कशाला वाजवताय? मघाचा बोल चरात गेला, मला आवाज आला. मी आंधळी आहे, बहिरी नाही. चांगला पडला तर वाजवा, नाहीतर गप्प राहा. मला हिचं ऐकायचंय."

कुणी हसलं नाही. भिंतीपलीकडे तलावात पोरांना शिकवणाऱ्याची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. 'हिचं' म्हणजे माझं, हे समजायला मला एक क्षण लागला.

"ताई, तो गेला दहा वाजता, चार पावलं," मी म्हटलं. "ऊन आलंय. जोर ठीक आहे. पंजा आणखी थोडा—" मी थांबले. "पंजा आणखी दोन बोटं उजवीकडे."

तिने टाच सुतळीवर ठेवली, पंजा सरकवला, वाकली. चौथा, शेवटचा बोल निघाला. उजवीकडून मोठा वळसा घेत, हळू होत होत तो आत आला आणि जॅकच्या शेजारी येऊन टेकला.

"चार वाजता," मी म्हटलं. "एक वीतसुद्धा नाही ताई. चार बोटं."

कुणाचीच टाळी वाजवायची हिंमत झाली नाही. मग आमच्या विरुद्ध खेळणारे ते ब्लेझरवाले काकाच पुढे आले आणि त्यांनी सावकाश टाळ्या वाजवल्या. "बाई, हा खरंच चांगला होता."

"हां," नणंद म्हणाली. "याला वाजवा."

आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

सामना आम्ही हरलो. तिच्या टाकण्यानंतर आम्ही जागा बदलायचो, मी मॅटवर आणि ती जॅकपाशी. तिथून ती मला ओरडून सांगायची, "मी काही सांगू शकत नाही गं, तूच बघून टाक, आणि काय केलंस ते मला कळव!" शेवटच्या फेरीत तिचा बोल जॅकच्या सगळ्यात जवळ होता. मी माझा शेवटचा बोल टाकला नसता तरी चाललं असतं. टाकायला हवाच म्हणून टाकला, जरा जोरात गेला, आणि तिच्या बोलाला टक्कर देऊन त्याला दूर उडवून दिलं. खट्ट आवाज तिने ऐकला.

"कुणी उडवला माझा?"

मी फडक्याने हात पुसायला लागले.

"अगं, कुणी उडवला?"

"मी."

"बोंबला!" ती म्हणाली आणि हसायला लागली. पोट धरून हसली, ब्लेझरवाल्या काकांचा दंड धरून हसली. तो दंड कुणाचा हे तिला माहीतही नव्हतं.

नंतर तिळगूळ वाटला, चहा झाला. काकांच्या जोडीची ती बाई नणंदेशेजारी येऊन बसली. तिच्या थोरल्या भावाची नजर गेली होती, वर्षभर तो घरातून निघत नव्हता. "ते येतील का हो असं खेळायला?" तिने विचारलं.

"आण की त्यांना," नणंद म्हणाली. "पण तू बरोबर थांबू नकोस. बहीण जवळ असली की माणूस लाडावतो."

भाऊ पुढच्या महिन्यात एकदा आला आणि मग येतच राहिला. बोरिवलीहून मुलुंड म्हणजे लांबचा पल्ला, पण त्याचा पुतण्या त्याला दुचाकीवर आणून सोडायचा. नणंद त्याला सुतळी शिकवायची, पाऊल शिकवायची आणि सगळ्यांदेखत झापायचीही. तो हसून ऐकून घ्यायचा.

पुढच्या दिवाळीनंतर क्लब पुन्हा उघडला तेव्हा मी सुतळी, फडकी, दोघींच्या टोप्या असं सगळं पिशवीत भरून तयार होते. हिरवळीवर पोचल्यावर नणंद म्हणाली, "या वर्षी मी तुझ्या मैत्रिणीबरोबर खेळते. मी तिच्याशी बोललेय."

"का? माझं काही चुकलं का ताई?"

"चुकलं नाही. तू फार काळजी करतेस, आणि ते तुझ्या आवाजात ऐकू येतं. बोल नीट थांबायच्या आधीच तुझा आवाज पडतो, आणि मग मीपण बिचकते. ती आकडा सांगते आणि गप्प बसते. शिवाय तूपण जरा स्वतःचं खेळ ना. किती वर्षं झाली शिकतेयस."

मला वाईट वाटलं. दोनतीन रविवार मी शेजारच्या पट्टीत खेळत होते आणि कान तिच्याकडे लावून होते. माझी मैत्रीण नुसतं "पाच, अर्धं पाऊल" म्हणायची आणि नणंद "बरं" म्हणायची. हळूहळू मी तिकडे ऐकायचं सोडलं. बोल सुटल्यावर मान खाली ठेवायला शिकले. माझा हात सुधारला. सरांनी एकदा जवळ येऊन नुसतीच मान हलवली, आणि ते फार बोलत नसल्यामुळे ती मला पुरली.

बुधवारच्या सरावाला नणंद एकटी जाते आता. गेटवरून रिक्षा करते, घडीची काठी पिशवीत असते, कधी बाहेर काढते, कधी नाही. रिक्षावाल्यांना ती रस्ता सांगते, ते चुकले तर तिला वळणावरून कळतं आणि मग त्यांचं काही खरं नसतं.

या वर्षी हंगामाच्या अखेरच्या रविवारी सरांनी आम्हा दोघींच्या जोड्या समोरासमोर लावल्या. ऊन तापू लागलं होतं, हिरवळ कोरडी, वेगवान. मी चांगली खेळले, खरंच चांगली. शेवटच्या फेरीत माझे दोन बोल जॅकपाशी होते. नणंदेने पाय घासला, बोल फडक्याने पुसला, आणि इतक्या हळू सोडला की मला वाटलं पोचतच नाही. तो माझ्या दोन्ही बोलांच्या मधून आला आणि जॅकला टेकून थांबला.

"अकरा, लागून," मैत्रीण म्हणाली.

"बरं," नणंद म्हणाली.

घरी आलो तेव्हा नवरा ओट्याशी कांदा चिरत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

"मी," नणंद म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातून सुरी घेतली आणि उरलेला कांदा चिरायला लागले.